माझ्या दाढेचं तिसरं मूळ

"एक, दोन आणि हे बघा, तीन." डॉक्टर मॅडमनी पडद्यावर पेनचं टोक टेकवलं. "खालच्या दाढेला मुळं दोन असतात. तुम्हाला तीन आहेत. या तिसऱ्या मुळातली नस कुणी काढलेलीच नाही."

कल्याणच्या त्या दवाखान्यात मला चक्क आनंद झाला. वर्षभर सगळे मला खोटारडी समजत होते आणि माझं दुखणं आता पडद्यावर दिसत होतं. आनंद दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही. मॅडमनी विचारलं, "हिच्या मागची दाढ का काढली? तिथलं हाड तर चांगलं दिसतंय."

मी तेव्हा खरं उत्तर दिलं नाही. नस काढूनही ज्यांची दाढ ठणकते आहे, त्यांच्यासाठी ते आता लिहिते आहे.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, भातसानगरला धरणावर कामाला. भाताची झोडणी संपली आणि माझी उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली. शहापूरच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं. म्हणजे दाढेच्या मुळांत सुईसारखं हत्यार घालून सडलेली नस काढायची आणि मुळं भरून टाकायची. तीन खेपा झाल्या, वर कॅप बसली. डॉक्टर म्हणाले, "आता ही दाढ दुखणार नाही. हिच्यात नसच राहिली नाही."

पंधरा दिवसांत ती पुन्हा ठणकायला लागली. गरम चहाचा घोट गेला की कळ थेट कानात. भाकर उजवीकडे चावणं बंद झालं. डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढला आणि दोन्हीत सगळं ठीक निघालं. एक्स-रे म्हणजे सपाट फोटो. एकामागे एक उभी राहिलेली दोन माणसं समोरून एकच दिसतात, तसं माझं तिसरं मूळ दुसऱ्याच्या मागे जिभेच्या बाजूला लपलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

घरी मालक म्हणायचे, "नस काढली ना गो तुझी? मग दुखतं काय? कामाचा कंटाळा आला असंल तर तसं सांग." पहिल्यांदा मी भांडले. नंतर भांडायचंही सोडलं. अंगणवाडीत पोरं गाणी म्हणायला लागली की मी त्यांच्यावर खेकसायचे. एका लहानग्या पोरीने मला घाबरून वर्गात यायचं बंद केलं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले.

सासूबाईंना माझी दया आली. त्यांनी आपली मशेरीची डबी पुढे केली. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका तिनेच दात घासतात. "दाब जरा तिथं, गप व्हईल," त्या म्हणाल्या. खरंच गप झाली. सुरुवातीला सकाळी एक चिमूट, मग दिवसातून चारदा. आणि माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तंबाखूच्या दुष्परिणामांचा तक्ता आहे. दर महिन्याला गरोदर बायकांना समोर बसवून मशेरी सोडा म्हणून कानीकपाळी ओरडणारी बाई मीच.

आवणी तोंडावर आली होती. चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायची तर डोकं धड हवं, म्हणून मी पुन्हा शहापूर गाठलं. जीपचे हादरे सोसावेत म्हणून निघताना दाढेच्या बुडाशी मशेरी गच्च भरली आणि दवाखान्याच्या दारात चूळ भरून टाकली.

डॉक्टरांनी विचारलं, "दाढेला काही लावलंय का? लवंगतेल, मशेरी?"

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी लोखंडी दांड्याने एकेक दाढ ठोकून बघितली. कॅपची दाढ मशेरीने बधिर होती, तिथे काही कळलं नाही. मागच्या दाढेवर ठोकलं तेव्हा जरा लागल्यासारखं वाटलं. मी मान डोलवली. नस काढलेली दाढ दुखत नाही हे त्यांनीच सांगितलं होतं, मग दुखते ती मागचीच असणार, असा हिशेब मी मनाशी मांडला. ते म्हणाले, "दहा दिवस गोळ्या घेऊन बघू." मी हट्टाला पेटले. आमच्याकडे दाढ दुखली की काढायची, एवढाच उपाय सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "काढाच." आणि सही केली.

ती दाढ निघता निघेना. चांगली होती ना. गोळ्या चालू होत्या तोवर बरं वाटलं, चौथ्या दिवशी तीच कळ त्याच जागी. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. पण गावात मी सांगत सुटले की शहापूरच्या डॉक्टरने माझी चांगली दाढ उपटली. लोकांना पटलंही.

मी पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. "मला दिसत नाही असं काहीतरी आत आहे. कल्याणला जाऊन सीबीसीटी करा, म्हणजे दाढेचा सगळ्या बाजूंनी स्कॅन," ते म्हणाले. रागाच्या भरात ती चिठ्ठी मी कपाटात टाकली आणि पाच महिने हात लावला नाही. कुणावर रागावले होते कोण जाणे. त्या पाच महिन्यांत मी पेजेवर जगले, अंगावरचे ब्लाउज सैल झाले आणि विहिरीवर गेले की नको ते विचार मनात यायचे. शेवटी गाल सुजून डोळा मिटला तेव्हा मालक घाबरले आणि मला घेऊन कल्याणला निघाले.

सीबीसीटीला भिऊ नका. हनुवटी टेकवून स्थिर उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं, दुखत नाही. मग दाढ हवी त्या बाजूने फिरवून, काप काढून पडद्यावर बघता येते.

मॅडमनी सगळं दाखवलं. तिसरं मूळ उदबत्तीच्या काडीएवढं बारीक आणि टोकाला वळलेलं होतं. त्यातल्या पुवाने मुळांमधलं हाड खाल्लं होतं. मी विचारलं, "वाचंल का?" त्या म्हणाल्या, "चारपाच महिने आधी आला असतात तर प्रयत्न केला असता."

दाढ काढली. माझा स्कॅन अभ्यासासाठी ठेवू का, असं मॅडमनी विचारलं. आपल्या भागातल्या किती लोकांच्या दाढेला असं मूळ असतं ते त्या बघत होत्या. मी सही केली. कुणाचं भलं होईल असं काही मनात आलं नाही, नुसती दमले होते. निघताना त्यांनी सांगितलं की डावीकडच्या दाढेलाही तीन मुळं आहेत. मालक खाली बघत म्हणाले, "तुझं खरंच दुखत व्हतं, मला काय म्हाईत गो." मला त्यांना काही म्हणावंसं वाटलं नाही.

उजवी बाजू आता रिकामी आहे. महिन्याभरापूर्वी डावी ठणकायला लागली.  आता ही पण गेली तर मी चावणार कशाने?

मी शहापूरला त्याच डॉक्टरांकडे गेले. स्कॅन त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मशेरीचं, 'नाय' म्हटल्याचं, गावभर त्यांची बदनामी केल्याचंही. त्यांनी स्कॅन पुन्हा पुन्हा बघितला. मग ते म्हणाले, "मूळ तर मलाही दिसलं नाही, ताई. स्कॅन मी आधीच सांगायला हवा होता."

त्यांनी खुर्चीकडे हात केला. "आज काय लावलंय?"

"काय नाय. खरंच नाय."

"दुखतंय?"

"लय दुखतंय," म्हणताना मला रडू आलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि दिवा माझ्या तोंडावर ओढला. "आता नीट सांगा, कुठे."