मनकवडीनं विचारलं

गल्लीच्या तोंडाशी कपडे अल्टर करून देणारं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईला सगळे मनकवडी म्हणतात आणि तिलाही ते भारी आवडतं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "आता वजन उतरवणारच आहे, कंबर आवळूनच शिवा" म्हणालं, की ही तोंडात टाचण्या धरून हं-हं करते आणि आत गुपचूप दोन बोटं कापड सोडून ठेवते. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक ओशाळं हसत परत आलं, की मग हिचा तोरा काय विचारता!

घरातही तोच खाक्या. नवरा दुकानातच इस्त्री करतो. त्याला कुणी चहा विचारला, की ही मशीनवरून मान वर न करता सांगणार, "ह्यांना नको, ह्यांना पित्त होतं." बिचारा बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटून घ्यायचा. मुलीचीही तीच गत. "आमच्या पोरीला भोपळा म्हणजे जीव की प्राण!" किंवा, "ती कुठे जायची नाही हो, दुकान तीच चालवणार. तिच्या मनात तेच आहे." पोर खाली मान घालून बटणं लावत राहायची. आणि गप्प बसली म्हणजे होच म्हणाली, नाही का?

तर ह्या पोरीचं एका मुलाशी जमलं आणि गोष्ट लग्नापर्यंत आली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावानं गोड, पण घरचे सगळे इंग्रजी बोलणारे, मराठीचा गंध नसलेले. त्याला लांबच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आल्याची कुणकुण लागली आणि मनकवडीचा जीव टांगणीला लागला. तो गेला तर पोरही जाणार. पुढचा विचार तिला करवेना.

एका दुपारी मुलाची आई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. बाह्या हे निमित्त, खरं तर त्या घरची माणसं बघायला आल्यात, हे मनकवडीनं दारातच ओळखलं. मुलगी दुभाषी म्हणून मधे बसली. बाईंच्या अंगातल्या कोटाच्या बाह्यांना टाचण्या लावता लावता मनकवडीनं सरळ मुद्द्याला हात घातला.

"विचार गं, मुलाच्या मनात काय आहे? जाणार की राहणार?"

बाई हसून काहीतरी बोलल्या. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, त्याच्या मनातलं मी कसं सांगू? त्यालाच विचारायला हवं."

"अगं पण ह्यांना काय वाटतं?"

"त्यांना वाटतं, त्याला कदाचित जावंसं वाटत असावं. पण हा आपला त्यांचा अंदाज."

मनकवडीचा हात थांबला. वाटतं, कदाचित, असावं, अंदाज! पोटच्या पोराबद्दल कुणी असं परक्यासारखं बोलतं का? ती तडक आतल्या खोलीत नवऱ्याकडे गेली.

"ऐकलंत? काहीतरी लपवताहेत. लग्न मोडायचा बेत आहे, मला स्वच्छ कळलंय. आत्ताच नाही म्हणून मोकळी होते!"

मुलगी धावत मागोमाग आली.

"आई, कुणी काही लपवत नाहीये! त्यांच्यात दुसऱ्याच्या मनातलं असं ठासून सांगत नाहीत. 'तो असं म्हणाला' म्हणतील, 'मला असं वाटतं' म्हणतील. ठासून सांगणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं त्यांना."

"आईनंसुद्धा दार वाजवायचं?"

"आईनंसुद्धा."

"कमालच आहे बाई," मनकवडी पुटपुटली आणि पुन्हा बाह्यांकडे वळली.

आता बाईंनी विचारलं. मुलगी जरा अडखळली, मग म्हणाली, "त्या विचारताहेत, तुमच्या मुलीची काय इच्छा असावी, तुम्हाला काय वाटतं?"

उत्तर मनकवडीच्या जिभेवर तयारच होतं. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात तिची नजर पोरीकडे गेली. पोर नेहमीसारखी खाली मान घालून गप्प बसली होती. मनकवडीनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"मला... मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "काय गं, तुझ्या मनात काय आहे?"

पोरीचे डोळे भरून आले. "मला त्याच्याबरोबर जायचंय, आई. मला दुकान नको. शिवणकाम मला कधीच आवडलं नाही." मग नाक पुसत म्हणाली, "आणि भोपळाही."

"भोपळा कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अगं मग बोलायचं नाही का!"

"तू विचारलंस कधी?"

मनकवडी मटकन स्टुलावर बसली. फार लागलं तिला ते. डोळ्याला पदर लावला. बाईंना एकही शब्द कळला नाही, पण त्यांनी पुढे होऊन तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि बाहीतली टाचणी खच्चकन टोचली. "आई गं!" मनकवडी ओरडली. आधी पोरीला हसू फुटलं, मग बाईंना, आणि शेवटी रडता रडता हिलाही.

दुकान बंद करायच्या वेळी ती इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. घसा खाकरला.

"अहो, पोरगी जाणार. तुमच्या मनात काय आहे?"

नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली. बराच विचार केला. मग सवयीनं तिच्याकडेच बघून म्हणाला, "काय आहे गं?"

"ते मी नाही सांगायची आता," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि गलबलूनही. "निदान चहा हवा का, एवढं तरी सांगा."

"हवाय की," तो म्हणाला. "रोजच हवा असतो."