पायात दोष नसतो

चपलाबुटांच्या त्या मोठ्या दुकानात त्याला सगळे मापकाका म्हणत. गिऱ्हाईक उंबरठा ओलांडतंय तोवर हा पाय बघून नंबर सांगायचा. बूट चावतो म्हणून कुणी कुरकुरलं, की त्याचं वाक्य ठरलेलं : "पायात दोष नसतो हो, बुटात असतो." मग कलबूत, पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, बुटात ठोकून ठेवायचा, रात्रभर ताण बसला की सकाळी बूट सैल. बायको म्हणायची, "मला पाहायला आलात तेव्हा आधी पावलंच बघितलीत!"

"मग? फसलो का?"

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, दुकानात मुंगी शिरायला जागा नसताना, त्याचं पोट बिघडलं. जुलाब, उलट्या, अंगात कसकस. बायकोनं मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली बरोबर दिली. संध्याकाळी ती जशीच्या तशी परत आली.

"अहो, घोटभर तरी घ्यायचं!"

"आणि जाऊ कुठे? संडास गल्लीच्या टोकाला. पोरांच्या पायात अर्धा बूट सोडून पळू? मालक सगळ्यांदेखत म्हणाला, 'मापकाका, नळाचा वायसर गेला वाटतं!' पोटात काही घातलंच नाही, तर बाहेर काय येणार?"

अंग ठणकत होतं, म्हणून औषधाच्या दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र तो न चुकता गिळायचा. हळूहळू जुलाब थांबले, तसा घरी तांब्या-तांब्यानं पाणी प्यायला लागला. त्या संध्याकाळी तो ऐटीत म्हणाला, "आज दिवसभर जावं लागलं नाही. लघवीलासुद्धा नाही." बायकोनं हुश्श केलं. पहिल्या वाक्याचा आनंद एवढा मोठा, की दुसरं दोघांच्याही कानांवरून गेलं.

सकाळी त्याचे रोजचे काळे बूट पायात चढेनात. "चामडं आखडलंय," तो म्हणाला. चपला घालून कामावर गेला आणि येताना कलबूत घेऊन आला. तिनं बूट घट्ट धरला, त्यानं कलबूत आत ठोकला. "पायात दोष नसतो," दोघं एकदमच म्हणाले आणि हसले. त्याचा चेहराही भरल्यासारखा दिसत होता. आजारातून उठून तुकतुकी आली, असं तिला वाटलं.

पहाटे त्याला धाप लागली. डोळे मिटून तो नंबर पुटपुटत होता, "सात काढ, सात..." तिनं पाय चोळायला घेतले. बोट जिथे दाबलं, तिथे खड्डा पडला तो तसाच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?"

तिनं जुलाबाचं, न प्यायलेल्या बाटलीचं सांगितलं आणि गोळ्यांची पाकिटं पुढे ठेवली.

"जुलाबात अंगातलं पाणी गेलं, वर यांनी पाणी पिणं सोडलं, त्यात या गोळ्या. मूत्रपिंडं बंद पडलीत. लवकर आणलं असतं तर नुसत्या सलाईननंही सावरली असती बहुतेक."

मालक भेटायला आला तो न खपलेले मोठ्या नंबरचे सँडल घेऊन. "सुजलेल्या पायांना बरे. दुकानातल्या जागेची काळजी करू नका हं!"

मूत्रपिंडं काही पुरती जागी झाली नाहीत. डायलिसिस सुरूच राहिलं. पाणी मोजूनमापून. तांब्या आता ती कपाटात ठेवते. "तेव्हा पी म्हणून मागे लागायचीस," तो म्हणाला, "आता तोंडचं काढून घेतेस." ती भांडी घासत राहिली.

उभं राहण्याइतका जीव आला, तसा तो तिला घेऊन दुकानात गेला. त्याच्या बुटक्या स्टुलावर दुसराच माणूस बसला होता.

"या, या, बसा!" मालकानं गिऱ्हाइकाची खुर्ची पुढे केली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला. "आता तुम्हाला वाकणं कुठे झेपणार? आणि मशीनच्या दिवशी खाडा होणार तो वेगळाच. मी काय म्हणतोय, कळतंय ना?"

त्यानं मान हलवली.

स्टुलावरचा माणूस सवयीनं पुढे वाकला होता. मशीननं पाणी ओढून पाय काटकुळे झालेले, आणि बूट ते ताणलेलेच. "काका, बूट ढगळ होतोय तुम्हाला," तो म्हणाला. "कुणी दिलं हो हे माप?"

बायको त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत राहिली.

"कागद कोंबून दे आत," मापकाका म्हणाला. "घरापर्यंत जायचंय."