बत्तीस कार्डं आणि कोमट पाणी

डॉक्टर पेशंटची नाडी बघायचे आणि कंपाउंडर डॉक्टरांची कचऱ्याची टोपली. एक औषध कंपनी तेव्हा डॉक्टरांना देशोदेशींहून चित्रांची कार्डं पाठवायची. पुढे बंदर, किल्ला नाहीतर उंट. मागे टॉनिकची तारीफ आणि त्या त्या देशाचं खरंखुरं तिकीट, शिक्क्यासकट. डॉक्टर न वाचताच फेकायचे. कंपाउंडर कार्ड उचलून, रुमालाने पुसून, खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे.

पूर्ण मालिका बत्तीसची. एकतीस जमली आणि एक अडलं ते अकरा वर्षं. शेवटी दुसऱ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिलं, तेही दोन रविवार त्याच्या घराचं सामान हलवून घेतल्यावर.

यंदा छंद मंडळाच्या प्रदर्शनातल्या स्पर्धेत त्यांना कार्डं मांडायला काचेची एक चौकट मिळाली होती. एकतीस कार्डांवर पत्ता डॉक्टरांचा, एकावर त्या दुसऱ्या दवाखान्याचा. चौकटीखाली मात्र नाव लागणार होतं कंपाउंडरचं. बायकोला हे ते दिवसातून चारदा सांगत.

"कळलं हो! आता पाटी करून गळ्यातच अडकवा."

प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. कंपाउंडर दवाखान्यातून घरी आले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, आणि त्यावर पालथी घातलेली तिकिटं.

"हात लावू नका, ओली आहेत अजून!" बायको आतून ओरडली.

"ही कुठली?"

"तुमच्या त्या डब्यातली. म्हटलं, तुम्हाला वेळ होत नाही, आपणच उरकून टाकावं. कोमट पाणी, दहा मिनिटं. एक म्हणून एक फाटलेलं नाही, बघा!"

"आणि कार्डं?"

"दोरीवर."

गॅलरीत बत्तीस कार्डं चिमटे लावून वाळत होती. उंट बनियनच्या शेजारी.

कंपाउंडरनी उंटाचं कार्ड उलटून पाहिलं.

"अहो, ओरडा तरी. तुम्ही गप्प बसलात की मला धडकी भरते."

"कार्डावरचं तिकीट काढायचं नसतं गं. पाकिटावरचं काढतात. कार्डाची सगळी किंमत ते जागेवर असण्यात."

"हे मला कधी सांगितलंत?"

कंपाउंडरनी आठवून पाहिलं. तीस वर्षं त्यांनी तिकिटं भिजवून काढायला तिच्यापुढे पाकिटंच ठेवली होती. डब्याला कधी हात लावू दिला नव्हता. सांगायचा प्रश्नच आला नव्हता.

"नाही सांगितलं," ते म्हणाले.

"मग चिकटवा परत."

"एकेका देशाची तीन-तीन कार्डं आहेत, तिकिटं सारखीच. कुठलं कुठे लावू?"

बायकोने एक तिकीट चिमट्यात धरलं आणि डोळे बारीक केले. "यावर अर्धा गोल आहे बघा शिक्क्याचा. उरलेला अर्धा कार्डावर असणार ना?"

दोन दिवस तेच चाललं. कंपाउंडरच्या डोळ्यांत मोतीबिंदू. जुळवायचं काम तिचं, गोंदाचं त्यांचं. "सरकवा. अहो, डावीकडे! तुमचं डावं." बत्तिसावं लागलं तेव्हा लांबून कुणालाही काही कळलं नसतं.

तरी चौकटीखाली, नावाच्या खालच्या ओळीत, कंपाउंडरनी औषधाच्या बाटलीवर लिहायचे तसं ठसठशीत लिहिलं: 'सर्व तिकिटे घरी काढून पुन्हा लावली आहेत.'

परीक्षकांनी भिंग काढलं, वाचलं, कपाळाला हात लावला. "कशाला लिहिलंत हो? आता स्पर्धेत धरता येणार नाही."

"आत जे असेल तेच बाहेर लिहायचं. चाळीस वर्षं तीच सवय."

"राहू द्या मग, नुसती बघायला."

चौकट राहिली, नावही राहिलं. बायकोने ते दोनदा वाचलं आणि पदराने काच पुसली.

"माझंही लिहायचं होतंत खाली. काढणार मी, जुळवणार मी."

कंपाउंडरनी खिशातून पेन काढलं. "सरक जरा," ते म्हणाले.