निरोगी, शांत स्वभावाची

हे शब्द माझ्याच हातचे आहेत, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

सिंदी मेघे गावात आमच्या शेजारी ताराचंदजी राहतात. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, आता मुलगा निकेश चालवतो. तो दुकानाच्या वरच राहतो, मुलगी प्रेरणा पुण्याला. बायको वारली तेव्हा ताराचंदजी अडुसष्टचे होते. बाबांना कोणी ठेवून घ्यायचं यावर बहीण-भाऊ वर्षभर फोनवर भांडले आणि शेवटी तोडगा निघाला : बाबांचं लग्न करून देऊ. ज्येष्ठांच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म घेऊन निकेश माझ्याकडे आला. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, अक्षरही बरं आहे. 'अपेक्षा' या रकान्यात तो सांगत गेला, मी लिहीत गेले. स्वयंपाक येणारी, पथ्यपाणी सांभाळणारी, अपत्य नसलेली, शांत स्वभावाची. मी म्हटलं, निकेश, पगार किती लिहू? तो हसला. मग म्हणाला, "काकू, आजारी नको, हे चांगल्या भाषेत कसं लिहायचं?"

मी लिहिलं, निरोगी.

त्या फॉर्मवर आर्वीच्या कौशल्याबाई आल्या. वय छप्पन्न. तेहतिसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नाही. तेव्हापासून मोठे दीर हिरालाल यांच्या घरी, मागच्या खोलीत, गुरांच्या ढेपेच्या पोत्यांशेजारी. अकरा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्या करत, पण काय रांधायचं ते जाऊ सांगे. तेवीस वर्षांत एकदाही आपण भाजी ठरवली नाही, हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. सांगता सांगता मेथी निवडत होत्या.

देवळात हार घातले. कोर्टात नोंद नको, या वयात कागद कशाला, असं निकेश म्हणाला. त्याचा अर्थ, पुढे घरात-दुकानात वाटा नको, मला कळला होता.

चौथ्या दिवशी सकाळी कौशल्याबाई माझ्या अंगणात आल्या. फोडणीला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, पाहिजे होता, माझं झाड चांगलं डवरलेलं आहे. पानं तोडून झाली तरी जाईनात. मग पदराखालून एक प्लास्टिकची डबी काढली.

"ताई, हे तुमच्या फ्रिजात राहू द्याल काय?"

आत इन्सुलिनची बाटली होती. साखर नऊ वर्षांपासून होती. आर्वीत कोणी विचारलं नव्हतं, इथे फॉर्मवर विचारलं होतं. मी म्हटलं, आजच सांगून टाका, चार दिवसांत सांगितलं तर चूक, चार महिन्यांनी सांगितलं तर फसवणूक. त्या म्हणाल्या, "सांगतो ना, ताई. थोडं बसू द्या." म्हणजे घडी बसू द्या. आणि मग एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी सकाळी ताराचंदजी पिशवी घेऊन निघाले होते आणि दारातून त्यांना विचारून गेले होते : आज काय भाजी आणू?

"मले विचारलं," त्या म्हणाल्या. "मले तं पटकन नावच नाई सुचलं भाजीचं."

मी डबी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवली.

त्यानंतर तीन वर्षं रोज सकाळी सातला कौशल्याबाई गोडनिंबाला येत. माझ्या स्वयंपाकघरात पाठ करून पोटाला सुई टोचत, टोपण लावत, पानं मुठीत घेऊन जात. त्या घरात इतका गोडनिंब लागत नव्हता. मी पहिलं वर्ष रोज टोकत असे, मग आठवड्याला, मग थकले. ताराचंदजींचं पथ्य त्यांनी काटेकोर सांभाळलं. हृदयाच्या गोळ्या, गुडघ्याला तेल, मीठ कमी. निकेश चारचौघांत सांगायचा, बाबांना बाई चांगली मिळाली, आवाज म्हणून नाही.

एका अक्षय तृतीयेच्या, आमच्याकडच्या अखजीच्या, दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि सुई जास्त भरली. मी रागावले. तर चेहरा नव्या नवरीसारखा. आदल्या दिवशी ताराचंदजींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली होती, वर तुपाची धार. "आर्वीत मी सगळ्यायले वाढलं, ताई. मले कोणी वाढलंच नाई. नाई कसं म्हणू?"

यंदाच्या मे महिन्यात प्रेरणाने पुण्याहून कुरडया मागितल्या. कौशल्याबाईंनी तीन दिवस गहू भिजवले, चीक शिजवला आणि स्लॅबवर धोतर अंथरून कुरडया घातल्या. चिकाला चपलेचा पाय लागू नये म्हणून अनवाणी. वर्ध्याचं ऊन काय सांगायचं, दहालाच स्लॅबवर पाय ठेववत नाही. कोणाही बाईने दुसऱ्या मिनिटाला पाय उचलला असता. कौशल्याबाई दीड तास वर होत्या. साखरेने तळव्यातली जाण केव्हाच गेली होती, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या फरशीवर ओले डाग उमटले, दारापासून फ्रिजपर्यंत. मी पाय वर करायला लावला. दोन्ही तळव्यांना फोड, उजवा फुटलेला. मी म्हटलं, आत्ता रिक्षा बोलावते. त्या म्हणाल्या, प्रेरणा आठ दिवसांनी येऊन राह्यली, कुरडया घेऊन जाऊ द्या, मग जाऊ. हळद लावली होती. मी डोकं आपटून घेतलं, पण भिंत ओलांडून ताराचंदजींना सांगितलं मात्र नाही. तीन वर्षं एका डबीची राखणदारी केली की माणूस तिचाच होऊन जातो. सहाव्या दिवशी ताप चढला आणि अंगठा काळा दिसायला लागला.

मोठ्या दवाखान्यात मीही सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, साखर किती दिवसांपासून? कौशल्याबाई म्हणाल्या, आताच निघाली असन.

ताराचंदजी खिडकीजवळ उभे होते. "नाई, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "माह्याकडे आल्यापासून आहे. रोज सकाळी सातले सुई घेते."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नाही म्हणून मान हलवली, माझ्या तोंडून गेलेलं नव्हतं.

बाहेर बाकावर मी ताराचंदजींना धरलं. त्यांनी सांगितलं, दुसऱ्याच महिन्यात कढीत सुईचं केशरी टोपण सापडलं होतं, गोडनिंबाच्या पानांत गुंडाळलेलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि कढी पिऊन घेतली.

"माहीत होतं तर बोलले काऊन नाही?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "बोललो असतो तं मंग मले तिले पाहा लागलं असतं, बाई. मी तं तिले मले पाहासाठी आणलं होतं."

खोटं तरी बोलायचं होतं. इतकं खरं उत्तर मला माणसाकडून कधी मिळालं नव्हतं, आणि पुन्हा मिळू नये.

उजव्या पायाची तीन बोटं काढली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात कौशल्याबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "ताई, अखजीले यायनं मले दुसरी पोळी वाढली. तवा यायले माहीत होतं."

मी त्यांना पाणी दिलं.

घरी आल्यावर निकेशने ठरवलं, काही दिवस आर्वीला राहिल्या तर आराम पडेल. 'काही दिवस' म्हणताना त्याने बापाकडे पाहिलं. ताराचंदजी चष्मा पुसत होते. हिरालालची गाडी आली त्या सकाळी कौशल्याबाई कुबडी घेऊन दारात उभ्या राहिल्या, जरा जास्तच वेळ. भाजीची पिशवी खुंटीला लटकलेली होती. ताराचंदजींनी विचारलं, औषधं घेतली काय?

डबी माझ्याकडेच होती. मी बर्फाच्या पिशवीत घालून दिली. म्हटलं, जावेला सांगून ठेवा, फ्रिजमध्ये जागा लागेल. त्या म्हणाल्या, "तिथं लपवाचं काम नाई, ताई. तिथं मी आजारी असली काय अन नसली काय."

श्रावणात निकेश पुन्हा कोरा फॉर्म घेऊन आला. एक ओळ वाढवायची होती, वैद्यकीय तपासणीचे कागद जोडावेत. मी म्हटलं, माझा हात दुखतो. तो बाजारात टाइप करून घेईल, मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी आर्वीला फोन लावला. पायाची जखम अजून ओलीच होती, पण भाकरी बसून थापता येतात म्हणाल्या. मी विचारलं, आज भाजी काय केली?

"जाऊबाईनं सांगितली ते," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या गोडनिंबाला नवी पालवी फुटली काय, ते विचारलं.