आधी मावशींना विचारा

बोअरच्या तोंडातून पाणी उसळलं की तो मशीन थांबवायचा, रुमालाने स्टीलचा पेला पुसून भरून घ्यायचा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपुढे धरायचा. “आधी मावशींना विचारा. त्या गोड म्हनल्या तरच पुढचं.” दगडाच्या भुकटीने पांढरं झालेलं ते पाणी. त्याची चव कोणाला काय कळणार? पण मावशी घोट जिभेवर घोळवून “गोड हाय” म्हणत आणि अख्खं आवार ते कान देऊन ऐकत असे.

त्याच्यासारखाच मीही बोअर मारायच्या धंद्यातला. माणिकपूरला माझं ऑफिस, मशीन त्याच्या मशीनपेक्षा नवी. आमच्याकडची जमीन तुम्हाला ठाऊकच आहे. किनाऱ्याला वाळू, खाडीकडे काळा चिखल, विरारच्या डोंगराकडे मुरूम आणि खाली काळा पाषाण. खाडीच्या बाजूला जरा जास्त खोल गेलं की खारं पाणी. तो काही या जमिनीचा पंडित नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गॉगल घालून, वारा बघून उभा राहायचा. धूळ आमच्यासारख्यांनी खायची. त्याच्या बोअर माझ्याइतक्याच कोरड्या जायच्या.

फरक पडायचा तो नंतर. फुलपाड्यातल्या एका सोसायटीत त्याची बोअर कोरडी गेली, तर लोकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, वर त्याचीच समजूत काढली. शेजारच्या इमारतीत मी धो धो पाणी काढलं, तर मोटर आवाज करते म्हणून सेक्रेटरीचे मला सकाळ-संध्याकाळ फोन. तुम्हीच सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं? मी जळायचो. त्याचा शर्ट दोरीवर वाळत घातलेला दिसला तरी जळायचो.

उमेळ्याला आमच्या वाडीतली विहीर खारट झाली तेव्हा आई म्हणाली, “त्याला हाक मार.”

“आई, दारात माझी मशीन उभी आहे.”

“मशीन तुझी. पानी त्याच्या हाताला लागतं.”

तो आला. फणसाखाली बोअर मारली, पेला पुसला, भरून आईपुढे धरला. आईने तोंड वाकडं केलं. “खारट हाय रे.”

“मावशी, चुकलो,” म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. आईने त्याला आत बसवून उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खायला दिली. ती एरवी माझ्यासाठी डब्यात ठेवलेली असायची. मी वाडीतूनच निघून गेलो.

पुढच्या आठवड्यात मी गोठ्यामागे मशीन लावली. वरच्या थरातच पाणी लागलं, खारं लागायच्या आधी तिथेच थांबलो. पेला घेऊन धावत आत गेलो, या वयात. आईने घोट घेतला, डोळे मिटले. “गोड हाय.” माझा ऊर भरून आला. तेवढ्यात ती म्हणाली, “एक बाटली त्याला नेऊन दे. त्याच्या मनाला लागलंय.”

नेऊन दिली. तो आजारी पडला होता, पण अंगात इस्त्रीचाच शर्ट. घोट घेऊन म्हणाला, “कुठं मारलीस?”

“गोठ्यामागे.”

“मी पन तिथंच म्हनत होतो.”

तेव्हा गोठ्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता तो. पण बाटली त्याने उशाशी ठेवली, आणि कधी नव्हे ते मला त्याचा राग आला नाही.

त्या आजारातच तो गेला. आता त्याची कामंही माझ्याकडे येतात. परवा फुलपाड्यातल्या एका चाळीत पाणी लागलं. तिथली आधीची बोअर त्याचीच होती. मी मशीन बंद केली, पेला पुसला, भरून तिथल्या आजींपुढे धरला. आजींनी तो हातात घेतला आणि माझ्या मागे बघितलं.

“ते पांढऱ्या शर्टवाले नाय आले?”

मला सांगवेना. “मागून येतात,” म्हणालो.

“मग येऊ दे त्यांना,” आजी म्हणाल्या, आणि पेल्यावर ताटली झाकून आत घेऊन गेल्या.