कांबळे सरांचं पंधरावं गुणसूत्र

विश्रांतवाडीत कांबळे सरांची न् आमची भिंत एकच, त्यामुळे किस्से आपोआप साचतात. मी कान लावत नाही हो, भिंतच पातळ आहे!

सर बाजरीवर संशोधन करायचे. रिटायर झाले, पण गच्चीवर कुंड्यांत बाजरी चालूच. बाजरीला गुणसूत्रं चौदा, सरांच्या एका झाडाला मात्र पंधरा!

"एक जास्त, म्हणजे कणीस मोठं येत असेल?" मी विचारलं.

"उलट. झाड खुरटं, फुलोरा उशिरा, दाणे मोजके."

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीत एक मेंबर वाढवला तसं!"

त्या दिवशी सरांनी मला पहिल्यांदा चहा विचारला.

*

चहा पिताना कळलं, हे जादा गुणसूत्र पुढं जातं ते बहुतेक आईकडून. परागकणाला त्याचं ओझं होतं, शर्यतीत तो मागं पडतो. मी घरी येऊन सांगितलं मात्र!

"मी काय म्हणत होते?" सासूबाई म्हणाल्या. "पोराचं सगळं खूळ तुझ्याकडूनच आलंय!"

"अहो, बाजरीचं चाललंय!"

"बाजरीला कळतं, तुला कळत नाही."

*

आमचा सेक्रेटरी निखिल खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं सल्ला दिला, "सर, एक्स्ट्रा आहे ना? डिलीट करून टाका."

"निम्म्याहून जास्त दाण्यांत ते आपणहून गळतं," सर म्हणाले. "आपणहून जायची अक्कल बाजरीत आहे, कमिटीत नाही."

*

लगेच बोर्डावर सूचना : 'गच्ची रविवारपर्यंत रिकामी करावी. झाडे सोसायटीची सभासद नाहीत.'

सरांचा चेहरा उतरला. त्या झाडाला कणीस एकच, तेही कच्चं. "आत्ता काढलं तर इतक्या वर्षांचं सगळं संपलं, वहिनी."

 

*

रविवारी मीटिंग. निखिल म्हणाला, "ते जादाचं दाखवा, मग कुंड्या ठेवू." सरांनी त्या झाडाची स्लाइड आणि मायक्रोस्कोप आणला. रांग लागली! जोशीकाकांना तेरा दिसली, वरच्या मजल्यावरच्यांना सतरा, सासूबाईंना स्वतःची पापणी. वाद पेटला, सभा तहकूब.

पुढच्या रविवारी सरांनीच फेरमोजणी मागितली. परत वाद, परत तहकूब, कुंड्या गच्चीवरच.

तिसऱ्या रविवारी सर त्या कणसाचे पिकलेले दाणे पाकिटात भरून, पाकीट खिशात घालूनच आले. निखिल वैतागला होता. घेतलं हात वर करून मतदान! 'सदर झाडात गुणसूत्रे चौदाच आहेत,' बहुमताने मंजूर.

सर उठले. "मान्य आहे. ठरावाची एक प्रत बाजरीला द्या."