एनेलेसीने लांबवलेलं नाटक

एनेलेसी मुहियोला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच नाटकात घुसताना. पगार दारूत उडवणाऱ्या नवऱ्याचं नाटक होतं. आमच्या गटाची रीत अशी की नाटक एकदा पूर्ण करायचं, मग पुन्हा पहिल्यापासून धरायचं. दुसऱ्या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं की इथं या बाईनं वेगळं वागायला हवं होतं, तर त्यानं उठून तिची जागा घ्यायची. बहुतेक गावांत लोक लाजतात. त्या दिवशी बाजाराच्या कडेनं एक रुंद खांद्यांची बाई उठली, हातातला झारा शेजारणीकडे दिला, बायकोचं काम करणाऱ्या आमच्या लोफिदाला बाजूला सारलं आणि म्हणाली, "अशी रडत बसलीस तर तो उद्याही पिणार. सरक." पुढची दहा मिनिटं नवऱ्याचं काम करणारा आमचा फॉस्टर खरोखरच घाबरलेला होता.

ती गुरुवारच्या बाजारात मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकायची. त्याआधी अकरा वर्षं तिनं चहाच्या मळ्यात पानं खुडली होती. चार मुलं, सायकल दुरुस्त करणारा नवरा, मुलांजेच्या डोंगराखाली दोन खोल्यांचं घर. पुढच्या आठवड्यापासून ती आमच्यातलीच झाली. आम्ही सगळे तिला अमायी म्हणायचो, कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. गटात आम्ही पाचच जण होतो. निवृत्त शिक्षक जायलोसी गुरुजी, शिवणकाम करणारी लोफिदा, फॉस्टर, एनेलेसी, आणि ढोल वाजवणारा मी. माझा धंदा सुतारकीचा.

त्या वर्षी आमच्या भागात तीन म्हाताऱ्यांना चेटकिणी ठरवून गावाबाहेर काढलं होतं. गुरुजींनी त्यावर नाटक बसवायला घेतलं. गावात मूल मरतं, भाऊबंद म्हातारीवर आळ घेतात, अशी गोष्ट. म्हातारीचं काम करायला मात्र कुणी तयार होईना. लोफिदा म्हणाली, "मी चेटकीण झाले आणि उद्या शेजारचं पोर तापानं फणफणलं तर? माझ्या दारात येतील सगळे." तेव्हा एनेलेसी म्हणाली, "द्या मला." का घेतलंस, असं मी एकदा विचारलं होतं. "कुणीतरी करायलाच हवं होतं ना," एवढंच तिचं उत्तर.

जून महिना होता, आमच्याकडे थंडीचा. डोंगरावरून चिपेरोनीची, म्हणजे थंडीतल्या धुक्याच्या पावसाची, गार भुरभुर दोन दिवस चालू होती. नामिखाते गावच्या मुखियानं आम्हाला आधीच परवानगी दिलेली होती, म्हणून आम्ही दुपारी तीनच्या सुमाराला सायकलींवरून तिथं पोचलो. मी ढोल वाजवायला लागलो. एरवी पहिल्या थापेला पोरं धावत येतात. तिथं एकही आलं नाही. बायका दारातच उभ्या राहिल्या. मुखिया बहिणीकडे गेला होता, आणि हापशाजवळ सात-आठ तरणे गडी बसले होते.

एनेलेसी पाणी आणायला हापशावर गेली. परत आली तेव्हा घागर अर्धीच भरलेली होती.

"गुरुजी, मान वळवू नका," ती म्हणाली. "त्या मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीला बाहेरून तार गुंडाळलीय. आतून कुणीतरी पाणी मागत होतं. दाराशी दोघं बसलेत. मला म्हणाले, शेळी आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणाले."

हापशावरच्या एका बाईनं पाणी भरता भरता तिला बाकीचं सांगितलं होतं. आदल्या दिवशी तीन वर्षांचं मूल पुरलं होतं. मुलाचा काका बिझवेक यानं शेजारच्या फालेसी आजीवर आळ घेतला होता. दिवस कलला की तिला बाहेर काढायचं ठरलं होतं. "तुमचं काय ते उरकून घ्या आणि निघा," असं ती बाई म्हणाली होती.

पोलीस चौकी चौदा किलोमीटरवर. फोनला तिथं रेंज नाही. गुरुजी म्हणाले, "मी सायकल काढतो. तुम्ही दारुड्याचं नाटक करा. आजच्या दिवशी दुसरं नको."

"दारुड्याला बघायला दारावरचे दोघे उठायचे नाहीत," एनेलेसी म्हणाली. "हे बघायला उठतील."

"अमायी, लोक तुम्हाला फाडून खातील."

"मग लवकर या."

गुरुजींची सायकल पंक्चर झाल्याचं आम्ही मोठ्यानं बोललो आणि ते सायकल ढकलत गावाबाहेर गेले. वळणापलीकडे गेल्यावर ते टांग मारणार होते. मी पुन्हा ढोल धरला. आता लोक आले, हळूहळू, हाताच्या घड्या घालून. बिझवेक पुढे बसला. कुणीतरी त्याला विचारलं, हाकलू का यांना. तो म्हणाला, "असू दे. तेवढाच वेळ जाईल."

एनेलेसी डोक्याला फाटकं कापड गुंडाळून, पाठीत वाकून आली आणि गर्दीतली कुजबुज थांबली. मूल मेल्याचा प्रसंग आला तेव्हा मागे एक बाई हुंदका देऊन रडली. ती खरी आई होती. फॉस्टरनं ठरल्याप्रमाणे ओरडून आळ घेतला, आणि पहिलं ढेकूळ एनेलेसीच्या खांद्यावर बसलं. नाटकात ढेकूळ नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. दोघांपैकी एक उठून आला होता. दुसरा तिथंच, पण मान उंच करून बघत होता.

नाटक संपलं. बिझवेक उठायला लागला.

"बस," एनेलेसी वाकलेली पाठ सरळ न करताच म्हणाली. "अजून झालं नाही. आता पुन्हा होणार. आळ घेणारा आमचा माणूस कच्चा आहे, त्याला जमत नाही. तुमच्यातलं कुणी येतं का?"

लोक बिझवेककडे बघायला लागले. तो आला. त्यानं एनेलेसीचं मनगट धरलं, आणि ती पकड खोटी नव्हती.

"कबूल कर, म्हातारे."

"करते. आधी सांग, पोराला ताप कधी आला?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असेल. यांना सांग."

"रविवारी."

"दवाखान्यात कधी नेलं?"

"आम्ही नेलं."

"कधी?"

त्यानं मनगटावरची पकड आणखी आवळली. मागून त्या आईचा आवाज आला, अगदी बारीक. "बुधवारी नेलं. मी सोमवारीच म्हणत होते. सायकल तू घेऊन गेला होतास."

बिझवेकनं एनेलेसीच्या तोंडात मारली. ती गुडघ्यावर पडली, ओठ फुटला. माझे हात ढोलावरच थांबले. फॉस्टर पुढे झाला, पण तिनं त्याला हातानं मागे सारलं आणि माझ्याकडे पाहिलं. वाजव, असं ते पाहणं होतं. मी वाजवलं. तेव्हाइतकं वाईट मी कधीच वाजवलं नसेल.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "आता वैद्याचं काम कोण करतं?"

असं तिनं चार वेळा केलं. नवीन पात्रं काढली, भांडणं लावली, गावातल्या एका थोराड माणसाला न्यायाधीश बनवून ठोकळ्यावर बसवलं. त्याला मान आवडला, त्यानं बिझवेकलाच दोनदा गप्प बसवलं. दारावरचा दुसरा गडीही येऊन उभा राहिला. मधेच एक सत्तरीची बाई काठी टेकत पुढे आली आणि एनेलेसीच्या शेजारी जमिनीवर बसली. "माझंही नाव घ्या मग," ती न्यायाधीशाला म्हणाली. "मीही म्हातारीच आहे." कुणी हसलं नाही.

मग पाऊस वाढला. कडेचे लोक उठायला लागले आणि उजेड पिवळा पडला. बिझवेक म्हणाला, "पुरे झालं." त्याच्यामागे पाच जण निघाले. एनेलेसी त्यांच्यापुढे धावली आणि झोपडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आता ती नाटकातलं काही बोलत नव्हती.

"सरका, अमायी," बिझवेक म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो तिला अमायी म्हणाला.

"नाही सरकणार."

फॉस्टर आणि मी तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मोटरसायकलचा आवाज मला आधी पावसाचाच वाटला. एका गाडीवर दोन पोलीस आणि मध्ये चिखलानं माखलेले गुरुजी. पोलिसांनी तार तोडली. फालेसी आजी आत पोत्यावर पडली होती. ती चालू शकत नव्हती, म्हणून फॉस्टरनं तिला पाठीवर घेतलं. आम्ही बाहेर पडताना एक दगड आला, तो ढोलावर बसला.

बिझवेकला पोलिसांनी नंतर धरून नेलं, पण तो नऊ दिवसांनी सुटून आला. फालेसी आजीचं घर त्याआधीच कुणीतरी जाळलं होतं. ती लेकीकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि आणखी तीन वर्षं जगली. मुलाची आई माहेरी निघून गेली असं ऐकलं.

एनेलेसीला ते सोपं गेलं नाही. चेटकिणीला सोडवणारी तीही तसलीच, असं बाजारात बोललं गेलं. पावसाळा लागेपर्यंत तिच्याकडून कुणी काही घेत नव्हतं. नवरा म्हणाला, नाटक सोड. तिनं सोडलं नाही, पण घरी दोन महिने अबोला होता. एकदा तालमीला आली तेव्हा ती दारातूनच मागे वळून रस्ता बघत होती. भीती वाटते का, असं गुरुजींनी विचारलं. "रोज वाटते," ती म्हणाली आणि कापड डोक्याला गुंडाळायला लागली.

आता तिचे गुडघे गेलेत. म्हातारीचं काम लोफिदा करते, आणि एनेलेसी समोर बाकावर बसून तिला शिकवते. परवा लोफिदानं विचारलं, "अमायी, कुणी खरंच मारलं तर?"

"लागतं," एनेलेसी म्हणाली. मग तिनं काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. "इथं उभी राहा. इथून सगळ्यांची तोंडं दिसतात."